पेढीवरील संगणक आणि त्याची मुखत्यारी : प्रस्तावना

मुंबईचा घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट येथील दाटीवाटीच्या गल्ल्यांतून उठून खाडीपलीकडे वाशी-तुर्भ्याच्या प्रशस्त आवारांत टप्प्याटप्प्याने येऊन स्थिरावला, आणि १९९६ साली भाजीपाला व फळे यांचे बाजारही येथे आल्यावर कांदा-बटाटा, धान्य, मसाला, भाजीपाला आणि फळे या पाचही बाजारांचा व्यवहार एकाच बाजार समितीच्या देखरेखीखाली चालू लागला. या स्थलांतराविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. त्याच काळात आणि त्यानंतरच्या दशकात एपीएमसी मार्केटच्या गाळ्यांतून, विशेषतः त्यांच्या पोटमाळ्यांवरील दफ्तरांतून, जे दुसरे स्थलांतर झाले त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. लाल बासनात बांधलेल्या वह्या हळूहळू मिटल्या गेल्या, आणि रोजकीर्द, खतावणी, उधारी-वसुलीचा तपशील हे सारे संगणकात गेले. वह्या मशीद बंदराहून तुर्भ्यास आल्या तेव्हा त्या कोणाच्या, याविषयी तिळमात्र शंका नव्हती. त्या संगणकात गेल्या तेव्हा त्यांच्यावर खरा ताबा कोणाचा राहिला, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. तो प्रश्न उपस्थित करावा आणि त्याचे एक व्यवहार्य उत्तर मराठी वाचकापुढे ठेवावे, एवढ्यासाठी ही पुस्तिका सिद्ध झाली आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी हिशोबपट्टीकडे पाहावे. जुन्नर, निफाड किंवा आणखी कोठूनही माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हाती आडत्या जो कागद देतो, त्यावर वक्कल, गोणी, वजन आणि दर यांचे आकडे असतात, आणि त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे अशा कपातींची ओळ असते. वर्षभराच्या श्रमाचे मोल ज्या कागदावर ठरते तो हा कागद असल्यामुळे त्यातील प्रत्येक ओळ कायद्याशी जोडलेली आहे, आणि कायदा बदलला की ती ओळ बदलावी लागते. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. अशा प्रसंगी ज्यांच्या प्रोग्रामची मूळ संहिता हाताशी होती त्यांनी कोणातरी जाणत्या तरुणास बसवून आवश्यक तो फेरफार करून घेतला. ज्यांना प्रोग्राम करून देणारा गृहस्थ केव्हाच परागंदा झाला होता आणि ज्यांच्याकडे केवळ चालणारी, परंतु उघडून पाहता न येणारी फाइल उरली होती, त्यांना कपातीची ओळ पट्टीवर हाताने खोडून नवा आकडा पेनाने लिहिण्याखेरीज गत्यंतर राहिले नाही. छापील पट्टीवरची ती खाडाखोड पाहिली म्हणजे संहिता खुली असणे हा शास्त्रज्ञांच्या गोष्टीवेल्हाळपणाचा विषय नसून कारकुनाच्या रोजच्या कामाचा विषय आहे, हे ध्यानात येते.

प्रोग्रामच्या बाबतीत जे खरे, ते त्याहून खालच्या थराच्या बाबतीत अधिक खरे आहे. संगणक सुरू करताच सर्वांआधी जागी होणारी, आणि यंत्राचे अवयव व आपली कामे यांच्यामध्ये कारभाऱ्याप्रमाणे उभी राहणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. या कारभाऱ्याच्या हाती पेढीची सर्व दप्तरे असतात आणि मालकाने न सांगता तो बदलला, रुसला किंवा त्याची मुदत संपली, तर दप्तरे असून नसल्यासारखी होतात. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि तिच्या पुढील आवृत्तीने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचेच प्रोसेसर अनिवार्य केले असल्यामुळे, असंख्य यंत्रे केवळ एका तारखेमुळे मोडीच्या वाटेला लागली. त्यांचे प्रोसेसर थकले नव्हते, स्मृती अपुरी नव्हती, पट्टी छापण्याच्या कामात कसूर नव्हती. ज्यांनी यंत्र पैसे मोजून विकत घेतले, त्यांच्या यंत्राचे आयुष्य दुसऱ्या कोणी दूरवर बसून ठरवावे, ही वहिवाट मला मान्य नाही आणि ती निमूटपणे मान्य करण्याचे कारणही नाही.

कारण पर्याय आहे, आणि तो आजचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे जो परवाना रचला, त्याची कलमे एखाद्या सनदेसारखी वाचावीत: आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिची संहिता अभ्यासावी व बदलावी, तिच्या प्रती इतरांस द्याव्यात, आणि आपण केलेली सुधारणाही इतरांस द्यावी. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, प्रसिद्ध केले व पुढल्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक यांनी या कर्नलभोवती इतर आज्ञावली जोडून डेबियन हे वितरण आरंभिले, जे आजही कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसून जगभरच्या स्वयंसेवकांच्या मतदानाने चालते. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातून निघालेली बीएसडी ही खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमांची वेगळी शाखा. तिच्यातील नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी ही दोन्ही घराणी त्याच १९९३ सालची. या सनदेचा पेढीच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, ज्याने ऑपरेटिंग सिस्टीम बनविली तो उद्या उठून गेला तरी त्याच्या पश्चात ती चालविण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि शेजारच्या गाळ्यास देण्याचा अधिकार आपल्याकडे उरतो.

हे सारे परदेशातून आयात झाले, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात लिनक्सवर भारतीय लिपी आणण्याचे काम फार आधी झाले. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि तिचे एक केंद्र आज आपल्याच नवी मुंबईत, खारघर येथे आहे. सी-डॅकनेच २००७ साली डेबियनच्या पायावर बॉस ही भारतीय भाषांना प्राधान्य देणारी ऑपरेटिंग सिस्टीम प्रसिद्ध केली. इंडलिनक्स या नावाने मुंबईत सुरू झालेल्या स्वयंसेवी प्रयत्नाने संगणकाचा पडदा भारतीय भाषांत बोलावा यासाठी खटपट केली. रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयातून लोहित फॉन्टची जोपासना झाली, आणि मुंबईच्या एक टाइपने घडविलेला मुक्ता आज मराठी संकेतस्थळांवर जागोजागी दिसतो. हे दोन्ही फॉन्ट कोणीही विनापरवानगी वापरावेत अशी त्यांच्या कर्त्यांचीच मुभा आहे. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादींचे छोटे छोटे दृक्‌-श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत, आणि कारकुनास शिकविण्यासाठी त्यांच्याइतके सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे झालेल्या आणखी एका प्रयोगाजवळ थोडे थांबावेसे वाटते. कर्जतजवळील खैरात या धनगरवस्तीतील लहानशा शाळेत २००७ साली वन लॅपटॉप पर चाइल्ड या उपक्रमातील हिरव्या-पांढऱ्या रंगांचे लॅपटॉप मुलांच्या हाती देण्यात आले; भारतातील या उपक्रमाचा आरंभ तेथे झाला. त्या यंत्राचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, स्मृती २५६ मेगाबाइटची, आणि साठवण अवघी १ गिगाबाइटची. आज एखाद्या साध्या मोबाइलमध्येही याहून कितीतरी पटींनी अधिक सामग्री असते. तरीही फेडोरा लिनक्सवर उभारलेल्या शुगर या मुलांसाठीच्या रचनेने त्या तुटपुंज्या यंत्रावर लिहिणे, चित्र काढणे, शेजारच्या मुलाच्या यंत्राशी बिनतारी संधान बांधणे ही कामे करून दाखविली. ज्या वस्तीच्या वाट्याला शहराकडून बहुधा टाकाऊ वस्तूच येतात, तेथे प्रथमच एक अशी वस्तू पोहोचली की जिची आज्ञावली उघडून पाहण्याचा अधिकार त्या मुलांना तिच्या निर्मात्यांइतकाच होता. पुढे तो उपक्रम जगभरच ओसरला. परंतु यंत्र लहान म्हणून काम लहान, हा समज त्याने खोडून काढला, आणि पेढीवरील जुन्या संगणकाचा विचार करताना मला खैरातची आठवण नेहमी उपयोगी पडली आहे. गोव्यातही या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना देण्याचे काम उत्साही मंडळींनी केले होते, त्याचाही येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो.

आता निवडीचा मुद्दा. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सर्वोत्तम, असा प्रश्न घेऊन येणाऱ्यास ही पुस्तिका निराश करील, कारण तिच्या मते तो प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. प्रथम काम काय ते पाहावे, मग यंत्र कोणते ते पाहावे, आणि शेवटी, जे बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे अडचण आल्यास हाकेच्या अंतरावर कोण आहे ते पाहावे. ज्या पेढीच्या मुनिमास साहाय्य करणारा भाचा उबुंटू जाणतो, त्या पेढीने उबुंटूच घ्यावी. दुसरी एखादी तिच्याहून शास्त्रशुद्ध असली तरी पहाटे चार वाजता, भाजीपाल्याच्या गाड्या आवारात लागलेल्या असताना, शास्त्रशुद्धता कामास येत नाही.

यंत्र पाहावे म्हणजे ते उघडून पाहावे. मसाला मार्केटमधील एका पेढीवरचा संगणक अतिशय मंद झाला म्हणून भंगारात निघाला होता, तो उघडला तेव्हा आत मिरचीच्या पुडीचा तांबूस, तेलकट थर पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांमध्ये असा घट्ट बसला होता की वारा जाण्यास वावच उरला नव्हता. तापलेला प्रोसेसर स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. मालकास वाटते की यंत्र म्हातारे झाले. ब्रशाने व ब्लोअरने तो थर काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, आणि मदरबोर्डावरील नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ हा सेल नवा बसविला. हा शेवटचा सेल क्षुल्लक वाटतो, परंतु तो संपला की वीज गेल्याबरोबर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, पट्टीवर भलतीच तारीख छापली जाते, आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत त्या यंत्राच्या हिशोबाने अजून सुरूच झालेली नसते. एवढी डागडुजी झाल्यावर त्या यंत्रावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिले. बहुतेक वितरणे अशी डिस्कवर न बसविता, मूळ मजकुरास धक्का न लावता, चालवून पाहता येतात, आणि निवडीपूर्वी हे करणे मी सक्तीचे मानतो. वायफाय लागते का, प्रिंटर ओळखला जातो का, इन्स्क्रिप्ट कळफलकावर जोडाक्षरे नीट उमटतात का, इतके पाहिले की पुष्कळसे संशय फिटतात.

गेल्या दहा-बारा वर्षांतील, ४ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रास मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, डेबियन किंवा लुबुंटू यांपैकी काहीही पुरते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविली तर जो फरक पडतो तो ऑपरेटिंग सिस्टीम बदलून पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. अगदी नव्या यंत्रांबाबत उलट काळजी घ्यावी लागते, कारण त्यांतील वायफायचे भाग चालण्यासाठी निर्मात्याचे बंद फर्मवेअर लागते. डेबियनने या प्रश्नावर २०२२ साली सभासदांचे मतदान घेऊन असे फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीत समाविष्ट करण्याचे ठरविले. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण सामान्य माणसाची वाट सुकर झाली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

अडचण आहे ती ३२ बिटांच्या यंत्रांची. लिनक्सच्या कर्नलने ३८६ या प्रोसेसरचा हात २०१३ साली सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या सामान्य संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय काढून घेतली. अशा यंत्रांसाठी ग्रीसमध्ये घडलेली अँटिएक्स, बॅरी कॉलर यांनी आरंभिलेली पपी, काही थोड्या मेगाबाइटांत मावणारी टायनी कोअर, आणि ४८६ पासून जुन्या सनच्या व अ‍ॅपलच्या यंत्रांपर्यंत सर्वांना आश्रय देणारी नेटबीएसडी ही ठिकाणे उरतात. येथे एक तारीख ध्यानात ठेवावी. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी मोजमापाच्या अखेरीस पोहोचतील. नेटबीएसडीने २०१२ साली व ओपनबीएसडीने २०१४ साली आपली घड्याळे रुंद करून घेतली, तर डेबियनने जुन्या प्रोग्रामांशी मेळ राहावा म्हणून ३२ बिटांच्या इंटेल वर्गापुरती ती तशीच ठेवली. ज्यांची खाती दीर्घ मुदतीची आहेत त्यांनी हा भेद विसरू नये. आणि जुन्या यंत्रास जड होते ती बहुधा ऑपरेटिंग सिस्टीम नसून ब्राउझर असतो, हेही लक्षात ठेवावे. पट्टी, जमाखर्च आणि पत्रव्यवहार यांसाठी ५१२ मेगाबाइटचे यंत्र आजही पुरेसे आहे, संकेतस्थळांसाठी नाही.

डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले हिशोब ज्यांच्याकडे अद्याप चालू आहेत, त्यांच्याकडे या पुस्तिकेने मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे. जिम हॉल यांनी १९९४ साली आरंभिलेली फ्रीडॉस ही आजही सांभाळली जाते, आणि समांतर पोर्टास जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिच्यावर पूर्वीच्याच वेगाने तीन प्रतींची पट्टी काढतो. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिसमध्ये सरळ उघडतात, ही गोष्ट सांगितली की अनेकांना आश्चर्य वाटते. आकडे जसेच्या तसे येतात. मराठी नावे मात्र जुन्या फॉन्टांच्या खासगी सांकेतिकीत असल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो, आणि त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते. ते कंटाळवाणे आहे, पण करावेच लागते. देवनागरी मजकूर डॉट मॅट्रिक्सवर अक्षरे म्हणून न जाता चित्र म्हणून जातो, त्यामुळे छपाई मंदावते, ही अडचण कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने सोडविलेली नाही. गर्दीच्या वेळी कपातीचे रकाने आधी छापून घेतलेल्या कागदावर केवळ आकडे छापणे हाच आजवरचा उपाय आहे.

मर्यादांविषयी अधिक बोलणे माझे कर्तव्य आहे. पेढ्यांवर सर्वाधिक चालणारे टॅली विंडोजसाठीच बनते, आणि ते लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने चालविण्याचे प्रयत्न विश्वासाने दुसऱ्यास सांगावेत इतके पक्के नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनांचीही अशीच कुचंबणा होते. ज्यांचे सनदी लेखापाल टॅलीचीच फाइल मागतात त्यांनी एक यंत्र त्यासाठी वेगळे ठेवावे आणि उरलेली मोकळी करावीत. सर्व किंवा काहीच नाही, असा हट्ट धरण्याची गरज नाही. ज्यांना नव्याने घडी बसवायची आहे त्यांनी ग्नूकॅशची दुहेरी नोंदपद्धती पाहावी, आणि व्याप मोठा असेल तर मुंबईच्याच फ्रापे या कंपनीने उभारलेले ईआरपीनेक्स्ट पाहावे. त्याची संहिता खुली आहे, ते जगभर वापरले जाते, आणि त्याचा मुख्य संगणक लिनक्सवर चालतो. आडत-वाराईचे रकाने त्यात आयते मिळणार नाहीत, परंतु ते घालून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि एका पेढीने ते घातले तर मार्केटातील इतर पेढ्यांना ते देताही येतात. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हे काम सामुदायिकरीत्या अंगावर घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाचही बाजारांतील शेकडो पेढ्या आपापल्या पोटमाळ्यावर तीच कपात, तीच पट्टी आणि तोच सेस वेगवेगळ्या मक्तेदारांकडून पुन्हापुन्हा लिहवून घेतात, यात पैशाचा जितका अपव्यय आहे तितकाच शेतकऱ्याच्या हिशोबातील चुकांना वाव आहे.

पुढील प्रकरणांचा क्रम यंत्राच्या वयानुसार लावला असून, पहिले प्रकरण जुन्या नोंदींची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी कशी ठेवावी व ती उघडते की नाही याची रुजवात कशी घ्यावी, याविषयी आहे. ते वाचल्याखेरीज दुसऱ्या प्रकरणाकडे वळू नये. वेळेचीही निवड करावी: मार्चअखेरीस खाती बंद होत असताना कोणत्याही पेढीने, आणि हापूसच्या हंगामात फळबाजारातील पेढीने, चालू यंत्रास हात लावू नये. आंब्याची आवक ओसरली आणि पावसाने जोर धरला की कपाटावर पडून असलेले एखादे जुने यंत्र खाली काढावे, साफ करावे, आणि चालू यंत्राच्या शेजारी ठेवून एक महिनाभर तोच जमाखर्च दोन्हींवर लिहावा. महिन्याच्या शेवटी दोन्हींची बाकी जुळली तरच बदल कायम करावा.